गुण प्रसामान्य आहेत का? आधी ती तीन शून्यं बघू

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न असा आहे. नववीच्या दोन तुकड्या, एकीत ३१ मुलं, दुसरीत ३३. एका तुकडीला भूमितीतल्या रचना नेहमीसारख्या फळ्यावर शिकवल्या. दुसरीला मैदानात नेऊन खुंट्या, सुतळी आणि चुन्याची फक्की हातात दिली. शेवटी दोन्ही तुकड्यांना ५० गुणांची एकच चाचणी. एम.एड.च्या प्रबंधासाठी आता टी-परीक्षिका, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना, लावायची आहे, पण मार्गदर्शक म्हणाले, "आधी गुण प्रसामान्य आहेत का ते दाखवा, मग पुढचं." प्रसामान्य म्हणजे बहुतेक मुलं सरासरीजवळ आणि दोन्ही टोकांना कमी, असा घंटेचा आकार. मॅडमनी सगळे ६४ गुण एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर प्रसामान्यता तपासणाऱ्या दोन परीक्षिकांची एकाच तक्त्यात दोन उत्तरं आली. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हखाली .२००, म्हणजे प्रसामान्य, शापिरो-विल्कखाली .०१८, म्हणजे प्रसामान्य नाही (आकडा .०५ च्या खाली आला की 'प्रसामान्य नाही' म्हणायची रीत आहे). "कुणाचं खरं मानू? आणि टी-परीक्षिका लावू की नको?" सोबत गुणांची यादीही दिली आहे.

मॅडम, यादी दिलीत हे फार बरं केलंत. एरवी लोक तक्त्याचा फोटो दाखवतात आणि विचारतात, पास की नापास. मी बेळगावात पंचवीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय, त्यातला निम्मा वेळ असे फोटो बघण्यात गेला असेल. तुमची यादी वरून खाली बोट फिरवत एकदा वाचली तरी दोन गोष्टी दिसतात, आणि त्या दोन्ही एसपीएसएसनं तुम्हाला सांगितलेल्या नाहीत. एक, तीन मुलांना शून्य आहे. दोन, तुम्ही दोन तुकड्या एकत्र घातल्या आहेत. या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत शापिरो खरा की स्मिर्नोव्ह खरा या वादात काही अर्थ नाही.

शून्यांपासून सुरू करू. रचनांच्या पेपरात शून्य पडणं तसं अवघडच. दिलेल्या मापाचा पाया नुसता काढला तरी अर्धा-एक गुण सुटतो. आपले मास्तर इतके कठोर नसतात. मग शून्य आलं कुठून? माझा अंदाज, ती मुलं त्या दिवशी वर्गातच नव्हती. गुणपत्रकात 'गै.' लिहिलेलं असतं, एक्सेलमध्ये भरताना कुणीतरी तिथं ० टाकतं, आणि एसपीएसएसला तो खराखुरा गुण वाटतो. चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये झाली असेल तर माझी शंका आणखीच वाढते. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस लागला की ओढे भरतात, वाडीवरची पोरं दोन-दोन दिवस शाळेत दिसत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. परीक्षेला न बसलेल्या मुलाचा गुण शून्य नसतो, त्याला गुण नसतोच. ती चौकट रिकामी ठेवायची.

आकड्यांत बघा. समजा तुकडीचं मध्यमान, म्हणजे सरासरी, २८ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण तिच्याभोवती किती पसरलेत त्याचं माप, ९ आहे. मग शून्य हा गुण मध्यमानाच्या खाली तीन प्रमाण विचलनांहून लांब पडतो. खऱ्या प्रसामान्य वितरणात इतक्या खाली हजारात एखादाच सापडतो. तुमच्याकडं ६४ मध्ये तिघं. शापिरो-विल्क बोंबलणार नाही तर काय करणार?

पण ती मुलं खरंच बसली असतील आणि कोरा पेपर ठेवून उठली असतील, तर ती शून्यं ठेवायची. आलेख सुबक दिसावा म्हणून कुणाचा गुण खोडायचा नाही. 'आउटलायर (टोकाचे वेगळे गुण) काढले' असं एका ओळीत लिहून तीन पोरं प्रबंधातून गायब केलेली मी पाहिली आहेत. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही म्हणून ते खपलं.

आता दुसरी गोष्ट. ही चूक तुमच्या एकटीची नाही, माझ्यापुढं येणाऱ्या प्रबंधांत ती मला सर्वांत जास्त वेळा भेटते. टी-परीक्षिकेची अट अशी नाही की सगळे गुण एकत्र केल्यावर घंटेचा आकार यावा. अट अशी की प्रत्येक गट आपापल्या मध्यमानाभोवती साधारण प्रसामान्य पसरलेला असावा. सुतळीचा प्रयोग साधला असेल तर ती तुकडी पुढं सरकलेली असणार. दोन घंटा जरा सरकवून एकमेकींवर ठेवल्या की माथा पसरट होतो. फार सरकवल्या तर मधे खळगाच पडतो. म्हणजे प्रयोग जितका चांगला जमला, तितकी तुमची ६४ जणांची एकत्र तपासणी नापास व्हायची शक्यता जास्त!

याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण कन्नडच्या पेपराचं. मराठी शाळेत कन्नड हा भाषा विषय असतोच. ज्या पोरांच्या गल्लीत, दुकानात, आजोळी कन्नड कानावर पडतं ती एका बाजूला. ज्यांना कन्नड फक्त शाळेच्या तासाला भेटतं ती दुसऱ्या बाजूला. अशा गुणांचा आलेख मी काढून बघितलाय, दोन वशिंडांचा उंट दिसतो. सरासरी पडते मधल्या खळग्यात, जिथं जवळजवळ एकही पोर उभं नसतं. तिथं 'गुण प्रसामान्य नाहीत' एवढं लिहून थांबणं म्हणजे हातात आलेली बातमी रद्दीत घालणं. उंट दिसला की विचारायचं, यात दोन गट कुठले लपलेत?

प्रसामान्य वितरणाची व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. मध्यमान, मध्यांक, बहुलक एकाच जागी; मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एका प्रमाण विचलनात ६८ टक्के, दोनांत ९५, तीनांत ९९.७. हा आकार येतो कशामुळं, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुष्कळ लहानलहान, एकमेकांवर फारशी अवलंबून नसलेली कारणं बेरजेत एकत्र आली की घंटा तयार होते. अब्राहम द म्वाव्हर यांनी १७३३ मध्ये नाणेफेकीच्या बाबतीत हे गणितानं दाखवलं. परीक्षेतला गुण हीही एक बेरीजच. एकेका गुणाचे पन्नास सुटेसुटे, मध्यम अवघड प्रश्न असतील तर घंटेच्या जवळपास काहीतरी मिळतं. पण रचनांचा पेपर तसा नसतो ना! ज्याला लंबदुभाजक काढता येतो त्याचं परिवर्तुळही निघतं. ज्याला येत नाही त्याचे दोन्हीकडचे गुण जातात. प्रश्न असे एकमेकांचा हात धरून आले की घंटा चपटी होते, कधी मुलं दोन टोकांना साचतात.

शिवाय गुण पूर्णांकात असतात, फार तर अर्ध्यात. शून्याच्या खाली जाता येत नाही, पन्नासच्या वर जाता येत नाही. प्रसामान्य वक्राला मात्र दोन्हीकडं शेवटच नाही. त्यामुळं 'गुण प्रसामान्य आहेत का' याचं कडक उत्तर नेहमीच 'नाहीत' असं आहे, तुमच्या शाळेत आणि जगातल्या कुठल्याही शाळेत. १९८९ मध्ये अमेरिकेतले थिओडोर मिचेरी यांनी संपादन चाचण्या (मुलं किती शिकली ते मोजणाऱ्या) आणि मानसशास्त्रीय मापनांचे ४४० मोठे संच तपासले; .०१ च्या पातळीवर त्यातला एकही प्रसामान्य ठरला नाही. बुद्ध्यंकाची घंटा पुस्तकांत इतकी देखणी दिसते त्याचं कारण, मध्यमान १००, प्रमाण विचलन १५ आणि आकार घंटेचा यावा असे ते गुण मुद्दाम बसवलेले असतात. तेव्हा विचारायचं ते असं: माझे गुण घंटेपासून कुठल्या दिशेला, किती सरकलेत, आणि मला जे करायचंय त्यात त्यानं बिघडतं का?

हे डोळ्यानं बघायचं असतं. आलेखाचा कागद घ्या. संगणक नंतर.

वर्गात मी फळ्यावर २५ गुणांच्या घटक चाचणीचे वीस गुण लिहितो, चढत्या क्रमानं: ६, ९, १०, ११, १२, १३, १३, १४, १५, १५, १६, १६, १७, १७, १८, १९, १९, २०, २२, २४. हे मी मुद्दाम शहाणे निवडलेत, कुठल्याही वर्गाचे नाहीत. मध्यमान १५.३, मध्यांक १५.५, प्रमाण विचलन ४.४७. एका प्रमाण विचलनाच्या आत, म्हणजे १०.८ ते १९.८ मध्ये, किती मुलं येतात ते मोजा: १४, म्हणजे ७० टक्के. दोनांच्या आत १९, म्हणजे ९५ टक्के. फक्त तो ६ वाला बाहेर राहिला.

आता क्यू-क्यू आलेख. नाव ऐकून घाबरू नका, मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करण्यासारखंच आहे हे. वीस मुलं रांगेत उभी केली. घंटा खरी असती तर प्रत्येक जागेवरच्या मुलाला किती गुण 'असायला हवे होते', ते काढायचं आणि मिळालेल्या गुणांशेजारी मांडायचं. पहिल्या मुलाची जागा म्हणजे ०.५ भागिले २०, ०.०२५. हा आकडा एक्सेलच्या नॉर्म-एस-इन्व्ह सूत्रात घातला की उणे १.९६ येतं. त्याला ४.४७ नं गुणलं, १५.३ मध्ये मिळवलं, आले ६.५. मुलाला मिळालेत ६. पाचव्या मुलासाठी ०.५ ऐवजी ४.५ घ्यायचे: अपेक्षित ११.९, मिळाले १२. दहाव्याचे अपेक्षित १५.०, मिळाले १५. सोळाव्याचे १८.७, मिळाले १९. शेवटच्याचे २४.१, मिळाले २४. अपेक्षित आडव्या अक्षावर, मिळालेले उभ्या अक्षावर घेऊन टिंबं मांडली की ती एका तिरप्या सरळ रेषेवर बसतात. इथं थोडी वर, तिथं थोडी खाली, पण पट्टी लावली तर लागते. झालं.

आता दुसरे वीस, सोप्या पेपराचे: ९, १३, १५, १७, १८, १९, २०, २१, २१, २२, २२, २३, २३, २३, २४, २४, २४, २५, २५, २५. मध्यमान २०.६५, मध्यांक २२, प्रमाण विचलन ४.३६. मध्यमान मध्यांकाच्या खाली घसरलंय, ही पहिली खूण. पण खरी गंमत पुढं आहे. मध्यमानात एक प्रमाण विचलन मिळवा: २५.०१. पेपरच संपला! घंटा खरी असती तर या जागेच्या वर १६ टक्के मुलं हवीत, म्हणजे विसात तीनेक पोरांना २५ पैकी २५ हून जास्त गुण पडायला हवेत. ती पोरं आहेत की, तिघांना २५ पडलेत. पण छताला डोकं टेकल्यामुळं त्यांची खरी उंची कळत नाही. क्यू-क्यू आलेखात शेवटच्या मुलाचे अपेक्षित येतात २९.२ आणि मिळालेले २५. पहिल्याचे अपेक्षित १२.१ आणि मिळालेले ९. दोन्ही टोकं रेषेखाली, मधली टिंबं रेषेच्या वर, पालथ्या घातलेल्या सुपासारखी कमान. असा आकार दिसला की समजायचं, छत लागलंय, पेपर या वर्गाला सोपा गेलाय. पेपर फार अवघड असेल तर उलटं होतं: मुलं तळाला साचतात, शेपूट वर जातं, कमान उताणी पडते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक झटपट हिशेब शिकवतो, त्याला कागदही लागत नाही. कमाल गुणांतून मध्यमान वजा करा, प्रमाण विचलनानं भागा. मध्यमानालाही प्रमाण विचलनानं भागा. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर दोनच्या खाली आलं तर घंटेला त्या बाजूला पसरायला जागाच उरलेली नाही. पहिल्या संचात वरची जागा ९.७ भागिले ४.४७, म्हणजे २.२, कशीबशी पुरते. दुसऱ्यात ४.३५ भागिले ४.३६, जेमतेम १. तिथं कुठलीही परीक्षिका न लावता मी सांगेन, हे प्रसामान्य नाही.

विषमतेचा, म्हणजे आलेख एका बाजूला किती कलंडलाय त्याचा, आकडाही बघा, एक्सेलमध्ये स्क्यू नावाचं सूत्र आहे. पहिल्या संचाची विषमता उणे ०.१, दुसऱ्याची उणे १.३३. वीस मुलांसाठी या आकड्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नुसत्या योगायोगानं तो साधारण किती हलतो ते, ०.५१ धरतात, तीसच्या आसपास मुलं असतील तर ०.४३. विषमता तिच्या दुपटीच्या पुढं गेली की दखल घ्यायची. शिखरतेच्या, म्हणजे घंटेची शेपटं किती जड आहेत त्याच्या, आकड्याला तीस मुलांत मी फारसं विचारत नाही, तो एका पोरानं हलतो.

एवढं झाल्यावर तुमच्या तक्त्याकडं वळतो. दोन उत्तरं का आली? कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह बघते ते असं: खालून वर गुण मोजत गेलं तर तुमच्या मुलांची संचयी रेघ आणि घंटेची संचयी रेघ यांत सर्वांत मोठं अंतर कुठं पडतं. ते अंतर बहुधा मधल्या भागात मोठं होतं, टोकांना दोन्ही रेघा शून्याला आणि एकाला चिकटलेल्या असतात. तुमची तीन शून्यं अगदी टोकाला आहेत, त्यामुळं तिला ती फारशी जाणवत नाहीत. शापिरो-विल्क वेगळी आहे. आपण वर हातानं जो क्यू-क्यू आलेख काढला, त्याची टिंबं किती सरळ रेषेत आहेत हेच ती एका आकड्यात मोजते; आकडा १ च्या जितका जवळ तितकी रेषा सरळ. टोकाला तीन टिंबं घसरली की ती लगेच ओरडते. १९६५ मध्ये सॅम्युएल शापिरो आणि मार्टिन विल्क यांनी ती मांडली, आणि याच विल्कांनी १९६८ मध्ये भारतात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ रामनाथन ज्ञानदेशिकन यांच्याबरोबर क्यू-क्यू आलेख लोकांपुढं आणला. त्यामुळं आलेख आणि परीक्षिका एकाच घरातल्या आहेत असं समजा. वर्गाएवढ्या लहान नमुन्यात दोघींचं भांडण लागलं तर मी शापिरो-विल्कचं ऐकतो.

त्या .२०० चा गैरसमजही काढून टाका. त्याच्या डोक्यावर छोटी चांदणी आहे, तक्त्याखाली तिची तळटीप आहे: ही खऱ्या किमतीची खालची मर्यादा. म्हणजे 'निदान .२००', खरा आकडा त्याहून मोठाही असेल. वेगवेगळ्या पाच चाचण्यांत पाचही वेळा .२०० आलं म्हणून 'सर, सॉफ्टवेअर बिघडलं' म्हणत आलेले विद्यार्थी मला आठवतात. दुसरी तळटीप लिलीफोर्स यांच्या दुरुस्तीची, १९६७ ची. मूळ कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हला मध्यमान आणि प्रमाण विचलन आधीच ठाऊक असावं लागतं. आपण ते त्याच गुणांवरून काढतो, म्हणून ही दुरुस्ती लागते. एसपीएसएसच्या एक्स्प्लोरमधून गेलात तर ती आपोआप होते. जुन्या आवृत्त्यांत नॉनपॅरामेट्रिकच्या मेनूतून गेलं तर होत नसे, आणि मग जवळजवळ सगळंच प्रसामान्य निघायचं. जुने प्रबंध चाळताना हे लक्षात असू द्या.

आणि .०५ चं काय? इथं आपल्या बेळगाव बासमतीचंच उदाहरण देतो. मूठभर तांदूळ ताटात पसरले आणि खडा दिसला नाही, म्हणून सगळं पोतं निवडलेलं आहे असं कुणी म्हणत नाही. उलट पाच पोती निवडायला बसलात तर खडा सापडणारच. म्हणून तांदूळ खाण्याजोगा नाही असंही नाही. दहा-बारा मुलांच्या गटात शापिरो-विल्कला फार वाकडा आकारही सहसा पकडता येत नाही, तेव्हा .०५ च्या वरचा आकडा म्हणजे 'प्रसामान्य असल्याचं सिद्ध झालं' नव्हे. आणि तालुक्यातल्या दोन-तीन हजार मुलांचे गुण घातलेत तर नुसतं गुण पूर्णांकात आहेत एवढ्यावरूनही ती नापास करू शकते. लहान नमुन्यात ही चिंता खरी असते तेव्हा परीक्षिका झोपलेली, मोठ्या नमुन्यात चिंता फारशी नसते तेव्हा ती कान टवकारून बसलेली. म्हणून मी तिला साक्षीदार मानतो, न्यायाधीश नाही.

मोठ्या संचावरून एक आठवण झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परीक्षेचे शेकडो गुण माझ्याकडं तपासायला आले होते, १०० पैकी. आयतालेख पाच-पाच गुणांच्या गटांनी काढला तेव्हा छान घंटा दिसली. सवयीनं एकेका गुणाचा स्तंभ काढून बघितला तर ३२, ३३, ३४ वर जवळजवळ कुणीच नाही, आणि ३५ वर हा उंच खांब. पासाची रेघ ३५ ची. तपासणाऱ्यांनी दया दाखवली होती, दुसरं काय! पोलंडच्या शालान्त परीक्षेतल्या भाषेच्या पेपरातही ३० टक्क्यांच्या रेघेवर अगदी असाच खळगा आणि खांब दिसलेला आहे, त्यामुळं ही आपल्याच मातीतली खोड नव्हे. ५० पैकी तुमची पासाची रेघ जिथं येत असेल, तिथं एकदा बघा. पेपर तुम्हीच तपासले असतील तर जास्तच बघा. गटांची रुंदी बदलून आयतालेख दोन-तीनदा काढायचा, हा नियमच करा.

बरं, समजा शून्यांचा निकाल लागला, तुकड्या वेगळ्या केल्या, आणि तरी एका तुकडीत थोडी विषमता उरली. टी-परीक्षिका लावू की नको? माझं उत्तर: लावा. टी-परीक्षिका मध्यमानांची तुलना करते, आणि तीसेक मुलांचं मध्यमान मूळ गुणांपेक्षा पुष्कळ शहाण्यासारखं वागतं. गुण जरा कलंडलेले असले तरी मध्यमानाचं वितरण घंटेकडं झुकतं. तुमच्या तुकड्या ३१ आणि ३३, जवळजवळ सारख्या, हे आणखी चांगलं. परीक्षिका खरी घाबरते ती दोन गट फार लहानमोठे असले आणि वर त्यांचं विचलनही वेगळं असलं तर. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामातल्या मोजक्या नमुन्यांशी झगडताना विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं ती लिहिली. मोजक्या नमुन्यांत काम भागावं म्हणूनच ती जन्माला आली.

एसपीएसएस टी-परीक्षिकेच्या दोन ओळी देतं, समान प्रसरण (म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) धरून आणि न धरून. खालची ओळ, वेल्चची, तीच प्रबंधात घ्या. तिच्यात गमावण्यासारखं फारसं नाही. आणि शेजारी मान-व्हिटनीही चालवा, १९४७ ची आहे, तिला घंटा लागत नाही, ती फक्त क्रम बघते. दोन्ही एकच सांगत असतील तर प्रसामान्यतेचा वाद तिथंच मिटला. वेगळं सांगत असतील तर परत आलेखाकडं जायचं, दोन-तीन टोकाचे गुण गोंधळ घालत असतात. गुणांचं लॉगरिदम किंवा वर्गमूळ घेऊन त्यांना बळंच प्रसामान्य करायचा सल्ला कुणी दिला तर मी तरी ऐकणार नाही. उद्या पालकांपुढं 'तुमच्या मुलीच्या गुणांच्या लॉगरिदमची सरासरी वाढली' असं सांगणार का?

मार्गदर्शकांनी प्रसामान्यता विचारली, पण त्याहून मोठी गोष्ट विचारली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. या दोन तुकड्या पाडल्या कशा? बऱ्याच शाळांत 'अ' तुकडी म्हणजे हुशार पोरांची. तसं असेल आणि सुतळीवाली तुकडी 'अ' असेल, तर गुण कितीही सुबक प्रसामान्य असोत, फरक सुतळीमुळं पडला की आधीपासूनच होता हे कुठलीही परीक्षिका सांगू शकणार नाही. पूर्वचाचणी घेतली असेल तर प्रत्येक मुलाचा पूर्व आणि उत्तर चाचणीतला फरक काढा आणि दोन तुकड्यांच्या त्या फरकांची तुलना करा. मग प्रसामान्यताही त्या फरकांचीच, तुकडीवार, तपासायची. पूर्वचाचणी नसेल तर गेल्या वार्षिक परीक्षेतले गणिताचे गुण तरी शोधा.

एसपीएसएसमध्ये करायचं एवढंच: अॅनलाइज, त्यात डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, त्यात एक्स्प्लोर. गुण डिपेंडंट लिस्टमध्ये, तुकडी फॅक्टर लिस्टमध्ये. हे फॅक्टर लिस्टच तुमच्याकडून रिकामं राहिलं होतं. प्लॉट्समध्ये जाऊन हिस्टोग्राम आणि नॉर्मॅलिटी प्लॉट्स या दोन्हींवर खूण करा. आता तक्त्यात दोन ओळी येतील, दोन क्यू-क्यू आलेख येतील. एसपीएसएस क्यू-क्यू आलेखात मिळालेले गुण आडव्या अक्षावर घेतं, आपण वर उभ्या अक्षावर घेतले. त्यामुळं कमानीची दिशा उलटी दिसेल, गोंधळू नका.

प्रबंधात वाक्य असं घाला: "दोन्ही तुकड्यांचे गुण स्वतंत्रपणे आयतालेख, क्यू-क्यू आलेख व शापिरो-विल्क परीक्षिकेने तपासले, प्रायोगिक तुकडीत किंचित ऋण विषमता आढळली, म्हणून वेल्चच्या टी-परीक्षिकेसोबत मान-व्हिटनी परीक्षिकाही लावली." अर्थात तुमच्याकडं जे निघेल तेच लिहा, माझं वाक्य उचलू नका. दोन्ही आलेख परिशिष्टात न ढकलता त्याच पानावर छापा, बाहेरचे परीक्षक तिथंच बोट ठेवतात.

आणि हे सगळं करायच्या आधी त्या दिवसाचं हजेरीपत्रक काढा. दसऱ्याची सुट्टी लागली की शाळेतल्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते कळत नाही, म्हणून उद्याच बघा. तिन्ही मुलं गैरहजर निघाली तर शून्यं पुसून फॅक्टर लिस्ट भरून परत चालवा आणि नवा तक्ता दाखवा. माझा अंदाज असा की .०१८ तिथं राहणार नाही. एखादं पोर हजर निघालं तर त्याचा पेपरही सोबत आणा, मला तो बघायचाय.